दोन लांब, एक आखूड

मी एक जुनी टेलिफोनची पेटी आहे. भिंतीवर टांगायची, ओकच्या लाकडाची. उजव्या अंगाला फिरवायचा दांडा, डाव्या अंगाला आकड्यात अडकवलेला कर्णा आणि डोक्यावर घंटीच्या पितळी दोन वाट्या. मित्रांनो, माझं कामाचं सगळं आयुष्य अमेरिकेत, नेब्रास्कातल्या चेक शेतकऱ्यांच्या एका काउंटीत, लुडमिला हावरानेकच्या स्वयंपाकघरात गेलं. तिच्या खसखशीच्या पावांचा वास अजून माझ्या लाकडात आहे.

आमची तार कुठल्या कंपनीनं टाकली नव्हती. मळणीला सगळे एकमेकांच्या शेतावर जात, तसेच एकदा तारेसाठी जमले. पुरुषांनी खांब रोवले, बायकांनी बदकं भाजली आणि साऱ्या घरांत मिळून एकच तार आली. त्यामुळे कुणा एकाची घंटी वाजली की ती सगळ्यांकडे वाजे. म्हणून प्रत्येक घराला खूण ठरवून दिली. आमची दोन लांब, एक आखूड. शेजारच्या रोझालियाची दोन लांब, दोन आखूड.

आपली खूण नसली तरी कर्णा उचलून ऐकायची आमच्याकडे रीतच होती. घरं लांब लांब, हिवाळा मोठा; कुणाला त्यात वावगं वाटत नसे. शाळेजवळ एकटी राहणारी म्हातारी बोझेना तर सगळ्यांच्या बोलण्यात हजर.

"मावशी, ऐकायचं तर ऐक," लुडमिला एकदा तिला म्हणाली, "पण तुझं घड्याळ दुसऱ्या खोलीत ठेव. टोले माझ्या कानात पडतात."

"घड्याळ माझ्यासारखंच आहे, मध्ये बोलतं. तू तुझ्या पिठात लोणी वाढव आधी."

माझ्यात एक दोष मात्र जन्मापासून होता. जितके कर्णे उचलले जात तितका आवाज बारीक होई. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण आपल्या एका कानानं काय होतंय, असंच प्रत्येकाला वाटे.

जानेवारीतला तो दिवस सकाळी इतका उबदार होता की लुडमिलाची लेक अनेश्का जाड कोट खुंटीवरच ठेवून शाळेला गेली. दुपारी उत्तरेकडून बर्फाच्या वादळाची एक पांढरी भिंत चालत आली. बघता बघता अंगणापलीकडचा गोठा दिसेनासा झाला. लुडमिलाचा नवरा गावात गिरणीवर अडकला होता. ती दाराशी गेली, परत आली, पुन्हा गेली. मग माझी घंटी वाजली. एकच लांबलचक, न थांबणारी. त्याचा अर्थ, सगळ्यांनी उचला.

शाळेच्या व्लास्ताबाई बोलत होत्या. त्या यंदाच आलेल्या.

"खिडकी फुटली. वर्गात बर्फ येतंय, शेगडी विझली. कुंपणाची तार धरून मुलांना बोझेनामावशींकडे आणते. कुठलं कुंपण धरू? रस्त्याकडचं की ओढ्याकडचं?"

रस्त्याकडचं कुंपण सुगीच्या गाड्यांसाठी अर्ध्यातून काढलेलं होतं. ते धरलं असतं तर मुलं थेट उघड्या माळावर जाऊन पोचली असती.

"ओढ्याकडचं," बोझेना ओरडली. "ओढ्याकडचं धर गं पोरी."

"काय? वारा फार आहे. काहीच ऐकू येत नाही."

कसं येणार? घरोघरी आयांनी कर्णे उचलले होते. बोझेनाचा आवाज माझ्यातून दोऱ्यासारखा बारीक होऊन जात होता, आणि पलीकडे फुटक्या खिडकीतून वारा गर्जत होता.

"सगळ्यांनी ठेवा," लुडमिला म्हणाली. "एकट्या बोझेनामावशीला बोलू दे."

कुणीच ठेवेना.

"माझा टोनिक आहे तिथं," रोझालिया म्हणाली. "मी नाही ठेवायची. तुला काय, सांगायला सोपं."

"माझी अनेश्काही तिथंच आहे. बिनकोटाची. मी ठेवतेय, रोझालिया. मावशी, पोर दारात आलं की त्याच्या घराची घंटी वाजव. कुणी उचलणार नाही."

"बरं. मी बसलेय इथं," बोझेना म्हणाली.

लुडमिलानं कर्णा आकड्यात अडकवला. तिची बोटं त्यावरून निघेनात. मित्रांनो, कर्णा ठेवला की मीही बहिरी होते. बाकीच्यांनी ठेवले का, बाईंना ऐकू गेलं का, गेलं असलं तरी त्या वाऱ्यात मुलांच्या हातांत तार टिकेल का, यातलं काहीच आम्हा दोघींना कळत नव्हतं. चुलीवरचं दूध उतू गेलं. तिनं वळूनही पाहिलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. मग एक लांब, तीन आखूड. लोहाराचं घर. म्हणजे बाईंना ऐकू गेलं होतं. नंतर आणखी एक घर, आणखी एक. प्रत्येक घंटीला लुडमिला मान वर करी आणि पुन्हा खाली घाली. मग बराच वेळ काही नाही. नुसता वारा.

दोन लांब. लुडमिला ताडकन उठली. त्यामागून आखूड, आणि पुन्हा आखूड. टोनिक.

"बरं झालं, रोझालिया," ती भिंतीला म्हणाली आणि जमिनीवरच बसली.

खिडकी काळोखी होत गेली. मग माझ्या घंट्या पुन्हा थरथरल्या. दोन लांब. एक आखूड. लुडमिलानं श्वास रोखला. दुसरं आखूड येतंय की काय, म्हणून तिच्याइतकीच मीही घाबरले होते. ते आलं नाही. तिचा हात कर्ण्याकडे गेला आणि मागे फिरला. कारण अजून कुणाकुणाची पोरं यायची होती. तिनं कपाळ माझ्या लाकडाला टेकलं आणि तशीच उभी राहिली. शेवटची लांबलचक घंटी सगळ्या मुलांमागून पोचलेल्या व्लास्ताबाईंची होती. त्यांना स्वतःची खूण नव्हती.

अनेश्काच्या एका कानाची पाळी मात्र थंडीनं गोठून गळाली. जन्मभर ती तो कान केसांनी झाकत असे.

आता ते खांब नाहीत, तार नाही. मी अनेश्काच्या नातीच्या घरी टांगलेली आहे आणि मुलं गंमत म्हणून माझा दांडा फिरवतात. फिरवू देत. कधी धूळ पुसा, लाकडाला तेल लावा, मला बरं वाटेल. पण मित्रांनो, त्याहून मोठं एक मागणं आहे. कुणी संकटातून हाक मारत असेल तर काळजीपोटीसुद्धा त्याच्याभोवती गलका करू नका. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याला बोलू द्या आणि बाकीच्यांनी गप्प राहून वाट बघा. ते फार कठीण असतं. लुडमिलाला ते जमलं, तेव्हा तिची स्वतःची पोर बिनकोटाची वादळात होती.