हुकमाचं हसू

अठ्ठावीस वर्षं मी लोकांना हसवतोय. म्हणजे हसायला लावतोय. घराखालीच माझा फोटो स्टुडिओ आहे. "हनुवटी खाली, खांदे सैल, आणि आता मनापासून!" एवढं म्हटलं की भले भले दात दाखवतात. या कामात आपला हात कुणी धरणार नाही, असा माज होता मला. होता, कबूल करतो.

तीन महिन्यांपूर्वी बायकोला झटका आला. कपडे वाळत घालताना तिच्या डाव्या हातातून चिमटा पडला. उचलला, पुन्हा पडला. मी आतूनच ओरडलो, "अगं, लक्ष कुठंय तुझं?" आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकली होती. जीव वाचला. हात हळूहळू वळायला लागला, बोलणं जरा जड झालं तरी कळतं. पण हसायला सांगितलं की तोंडाचा उजवा कोपरा वर जायचा आणि डावा जागचा हलायचा नाही.

मी ठरवलं, हे तर आपलंच काम. रोज सकाळी तिला खिडकीपाशी बसवायचो, उजेड नीट पडेल अशी. "हं, मनापासून!" बिचारी जीव तोडून प्रयत्न करायची, कपाळावर घाम यायचा. अर्धंच हसू. लहान मुलांसाठीचं चूं-चूं करणारं रबरी बदकही वाजवून पाहिलं. तिनं नुसतं बघितलं माझ्याकडे.

व्यायाम शिकवायला बाई येतात. वयानं लहान, पण भीडभाड नाही. त्यांनी एकदा माझा हा प्रकार पाहिला आणि म्हणाल्या, "काका, ते बदक ठेवा आधी." मग टेबलावरच्या फोटोच्या पाकिटावर त्यांनी डोक्याचं चित्र काढलं. "हसा म्हटलं की हुकूम इथून सुटतो, मेंदूच्या वरच्या थरातून. तो खाली मेंदूच्या देठापर्यंत येतो. तिथून चेहऱ्याची नस निघते, ती ओठ ओढते. काकूंची नस शाबूत आहे. तुटलाय तो वरून येणारा रस्ता."

"म्हणजे संपलं?"

"ऐका तर. माणसाला खरंच हसू येतं ना, ते मेंदूच्या खोल भागातून निघतं आणि दुसऱ्या वाटेनं त्याच नसेपाशी पोचतं. ती वाट बहुतेक मोकळी आहे. त्यांना हसू आलं, तर दोन्ही बाजूंनी येईल. तुम्ही फक्त हुकूम सोडू नका. काय ऐकलं की काकू खदखदून हसतात? तुम्हांला ठाऊकच असेल."

ठाऊक नव्हतं! इतका संसार झाला आणि मला ठाऊक नव्हतं. ती हसायची ती स्वयंपाकघरात, तिच्या थोरल्या बहिणीबरोबर. मी आत गेलो की दोघी गप्प. काय झालं विचारलं तर, "काही नाही हो, आमचं आपलं." मीही कधी खोदून विचारलं नाही. बायकांचं काहीतरी असेल म्हणून सोडून द्यायचो.

पुढचे कित्येक दिवस दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तिचे जुने फोटो काढून बसायचो. प्रत्येकात हसतेय, अगदी मापात. ते हसू एकदा, एकदाच परत दिसावं, एवढाच ध्यास. अन्नावरची वासना उडाली होती माझी.

शेवटी तिच्या बहिणीलाच बोलावलं. ताई आल्या, बॅग ठेवली आणि मला म्हणाल्या, "जा आता तुम्ही खाली, दुकान बघा." गेलो. पाच मिनिटांत चष्मा विसरला म्हणून परत वर आलो, तर जिन्यातच पाय थबकले. आत हसणं चाललं होतं.

दार अर्धवट उघडं होतं. ताईंनी पातेलं डोळ्यांपुढे धरलेलं, मान वाकडी, कंबर मागे काढलेली, आवाज घोगरा. "हनुवटी खाली! खांदे सैल! अहो साहेब, मनापासून!"

मी! इतकी वर्षं त्या दोघी मलाच हसत होत्या.

आणि बायको हसत होती. दोन्ही कोपरे वर. नाकाला सुरकुत्या, डोळे मिटलेले, गालांवर पाणी. असं हसू माझ्या एकाही फोटोत नाही. मी वेड्यासारखा बघत राहिलो.

मग तिनं डोळे उघडले आणि मी दिसलो. हसू गेलं. घाईघाईनं तिनं माझ्यासाठी हसायचा प्रयत्न केला. उजवा कोपरा वर गेला, डावा नाही.

म्हणजे आजवर माझ्या वाट्याला आलं ते हेच, हुकमाचं. तेव्हा दोन्ही बाजू हलायच्या, म्हणून मला, एवढ्या मोठ्या फोटोवाल्याला, फरक कळला नाही.

ताईंनी पातेलं पाठीमागे लपवलं. "अहो, आपली गंमत..."

"द्या ते इकडे," मी म्हणालो. "आणि शिकवा मला. मी कसा दिसतो ते."

ताईंनी पातेलं माझ्या हातात दिलं. मी ते डोळ्यांपुढे धरलं. "हनुवटी खाली—"

"छे छे, मान कुठंय? आणि कंबर? अहो, तुम्ही असं नाही बोलत!"

मी कंबर मागे काढली. पातेल्याच्या तळाला उरलेलं पाणी बाहीतून थेट बगलेत गेलं आणि मी किंचाळलो.

"शी! यांना स्वतःची नक्कलसुद्धा येत नाही," बायको जड जिभेनं म्हणाली, आणि हसली. माझ्या तोंडाकडे बघून हसली. डावा कोपरा वर गेला, उजव्याइतकाच.

बाही गळत होती. मी म्हटलं, "ताई, परत दाखवा, मान किती वाकडी?"