धनश्रीचा कौल

आमच्या घरात म्हैस घ्यायची तरी बिरोबाला इचारून घ्यायची. थट्टा न्हाई करत. आमचे मालक, हरिबा आप्पा, वाडीत कौल लावायचे. बापजाद्यांनी मेंढरं सोडली, दौंडच्या या अंगाला शेती धरली, पण देव काय सोडला न्हाई. बांधावरच ठाणं हाय. कण्हेरीच्या दोन कळ्या ओल्या करायच्या, देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवायच्या आन् इचारायचं. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. माणसं लगीन, हिरीचं पाणी, पोराची नोकरी समदं घेऊन यायची आन् मालक डोळं मिटून बसायचे. मला मेलीला कवा कुणी इचारलं न्हाई. देवाला इचारल्यावर बायकोला कशाला इचारतील?

धनश्री आमची एकुलती लेक. तिचं लगीन बी कळीनंच ठरवलं. शंभू सणसवाडीला कंपनीत परमनंट, अंगावर इस्त्रीची कापडं, मोटारसायकल. मी म्हणलं व्हतं, पोराची नजर मला बरी दिसत न्हाई. मालक म्हणले, गप बस, देवानं उजवं दिलंय. झालं! पोरगी गेली. एक लेक झाली, प्रगती. आन् एका सकाळी धनश्री एकटीच आली, हात गळ्यात बांधलेला, व्हट फुटलेला. शंभूनं मारून बाहेर काढलं आन् तीन वर्साची पोर मात्र ठेवून घेतली. लई हुशार गडी. आईला कुठं धरायचं ते त्याला बरोबर ठावं.

मग तो आलाच जीप घेऊन, चुलत्याला घेऊन, आन् प्रगतीला पुढच्या सीटवर बसवून. पोरीला खाली उतरू दिली न्हाई. चुलता गोड बोलला, झालं गेलं सोडा, पोरीला नांदायला धाडा. शंभू एवढंच म्हणला की आज आली तर आली, न्हाईतर लेकीचं तोंड इसरायचं. समद्यांनी मालकांकडं बघितलं. मालक उठले आन् कण्हेरीकडं गेले.

मला त्यांच्या मनातलं कळत व्हतं. धनश्री माहेरी राहिली तर लगनाचा कौल खोटा ठरणार. मग वाडी कुठल्या तोंडानं ठाण्यावर येणार? माणूस लेकीच्या मोडक्या हाताकडं बघंना, देवाकडं बघत बसला. वाडी भवती जमली. प्रगती जीपमधनं आई आई करून वरडत व्हती. मालकांनी इचारलं, देवा, लेकीला धाडू का? उजवी कळी पडली. बायांनी हात जोडले. मालकांनी केवढा तरी श्वास सोडला.

धनश्री जागची हलली न्हाई.

"आबा, ह्यानं हात मोडला तवा कौल लावला न्हवता," ती म्हणली. "मला बी नगं. मी जायची न्हाई."

आवाज बी चढवला न्हाई. जीप गेली. पोरीचं वरडणं पार रस्त्यापर्यंत ऐकू येत व्हतं, आन् धनश्री तिथंच उभी राहून ऐकत व्हती. मालकांनी घरात जाऊन कडी लावली. बाहेरनं मी दार बडवलं, शिव्या घातल्या, जिभेला हाड ठेवलं न्हाई. काय उपेग न्हाई झाला. लेक दाराकडं वळलीच न्हाई. ती तशीच चालत एस्टीच्या थांब्याकडं गेली.

रांजणगावला एमायडीसीत कंत्राटदाराकडं पॅकिंगला लागली, पत्र्याच्या खोलीत राहिली. पोरीसाठी शिरूरच्या कोर्टात केस टाकली. तारखेवर तारीख. शंभू प्रगतीला कवा कोर्टात आणायचा, कवा आणायचा न्हाई. असं दोन वर्सं. लोकं म्हणायची, हरिबाची लेक सुटली. सुटली म्हणं! येऊन बघा म्हणावं कशी सुटली ती. पोरीच्या वयाची कुणाची पोर दिसली की तोंड फिरवायची.

मग तिचा निरोप आला, आये, ये. मी पिशवी भरली. मालक म्हणले, थांब, कौल लावतो, जायचं का न्हाई ते बघू.

म्हणलं, लावा की, कळी पडस्तोवर माझी एस्टी जाईल. आन् निघाले. चौफुल्याला शिरूरची गाडी धरली. उभ्या जन्मात पयल्यांदा कुणाला न इचारता गाडीत बसले आन् तिकीट माझं मीच काढलं.

शिरूरवरनं रांजणगाव गाठलं तर धनश्री खोलीत भिंतीला टेकून बसली व्हती. निम्मी झालेली. शंभूचा सांगावा आला व्हता. आज दुपारी तो येणार. केस मागं घेऊन नांदायला आली तर प्रगती तिच्यापाशी. न्हाईतर तो पोरीला लांब, बहिणीकडं सुरतेला धाडणार, मग बसा कोर्टात तारखा मोजत.

"आये, तू सांग," ती म्हणली. "जाऊ का नगं?"

सारा जन्म मी वाट बघितली की कुणीतरी मला इचारावं. आन् इचारलं तर हे.

"मी न्हाई सांगायची," मी म्हणले. "मी सांगितलं तर उद्या तू माझ्या सांगण्यावर जगशील. तुझं तू ठरव."

ती तापलीच. नगं नगं ते बोलली. म्हणली, आबांना निदान देव तरी व्हता, तुला तेवढं बी जमंना, आई हाय का दगड. मी ऐकून घेतलं. मग ती लई रडली, पदरात तोंड कोंबून. माझा हात तिच्या पाठीवर व्हता. दुपारच्या शिफ्टचा टाइम झाला तवा ती उठली, तोंड धुतलं, कंपनीचा निळा कोट चढवला.

"शंभू आला तर सांग, कोर्टात भेटू," म्हणली आन् बसकडं गेली. वळून बघितलं न्हाई.

खरं सांगते, जा म्हणायचं अगदी व्हटावर आलं व्हतं. नात पायजे व्हती मला. लेकीच्या मोडक्या हाडांच्या बदल्यात का व्हईना, पायजे व्हती. ती गेल्यावर त्या पत्र्याखाली मी डोकं धरून रडले.

शंभू आला. दारात मीच उभी राहिले आन् लेकीचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. तो थुंकला आन् गाडीकडं वळला. जीपमधी प्रगती बसली व्हती, उंच झालेली, दोन येण्या घातलेल्या. मी हाक मारली. तिनं माझ्याकडं बघितलं आन् मग बापाला इचारलं, ही म्हातारी कोण?