गोलात कोण बसणार?

पूर्वी दुकानाला एकच पाटी असायची. रंगाऱ्याने एकदा रंगवली, की दर दिवाळीला फडक्याने पुसली म्हणजे झालं. चंद्रभागाबाईंना तेवढंच ठाऊक. त्यामुळे त्यांच्या नागलीच्या पापडांसाठी नात तेजलने लोगो केला, तेव्हा त्या हरखूनच गेल्या. लांबट चित्र. डावीकडे त्या स्वतः, उजवीकडे धाकटी जाऊ यशोदाबाई, मध्ये पापड. फेसबुकच्या पानावर माथ्यालाच कसं झोकात दिसत होतं!

दुसऱ्या दिवशी तेजलने घाईघाईत तेच चित्र व्हॉट्सॲपच्या गोलात बसवलं. गोल तो केवढा, रुपयाएवढा. त्यात एकच चेहरा मावला, यशोदाबाईंचा. दुपारी इगतपुरीहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, धाकटीनं एकटीनंच धंदा काढला का गं?"

दुसऱ्या सकाळी पीठ शिजून तयार झालं तरी चंद्रभागाबाई पापड लाटायला गच्चीवर फिरकल्या नाहीत. जिला लग्न होऊन आल्यावर उकड कशी घ्यायची तेही आपणच शिकवलं, ती आता मालकीण! नकोच तो धंदा, असं त्यांनी ठरवूनसुद्धा टाकलं.

तेवढ्यात यशोदाबाई पिठाच्या हातांनीच तेजलला ओढत घेऊन आल्या.

"काढ माझं थोबाड त्या गोलातून! बाईंचं टाक. थोरल्या त्या हायेत."

"टाकलं बघ, धाकटी आजी."

चंद्रभागाबाईंनी चष्मा लावून पाहिलं. गोलात त्या होत्या. छान दिसत होत्या, पण एकट्याच.

"अन् तू कुठाय, यशोदे?"

"मी हाय की पापड लाटायला. तुम्ही बसा मालकिणीगत!"

"लय शहाणी झालीस! मीठ तू घालतेस म्हणून तर पापड खपतात. माझ्या एकटीचं तोंड बघून कोण घेणार?"

तेजलने कपाळाला हात लावला. "चूक माझी आहे, आज्ज्यांनो. एकच चित्र सगळीकडे चालत नाही. लांब जागेला लांब, गोलाला गोल. गोलात चेहरे नकोतच. पापड आणि त्यावर दोघींचे हात, बस्स."

तिने तिथल्या तिथे एका पापडावर दोघींना एकावर एक हात ठेवायला लावले, फोटो काढला आणि त्यावरून रेघा ओढल्या. पापड गोलात नेमका बसला. चित्र अगदी बारीक केलं तरी दोन्ही हात ओळखू येत होते.

"वरचा हात कुणाचा गं?" यशोदाबाईंनी विचारलं.

"माझा. थोरली मी."

"असू द्या. पापडाला तर माझाच लागलाय."

"ऐकलंस, तेजल? तोंड बघ हिचं!" म्हणत चंद्रभागाबाईंनी पदर खोचला आणि जावेच्या आधी गच्चीचा जिना चढू लागल्या.