आजाऱ्यांमधले नाव

फाल्गुनातली सकाळ. प्रवरेच्या पात्रात पाणी थोडे, प्रकाश फार. काठावरच्या पळसांनी अंगभर केशर पेटवले होते, आणि त्या केशराला न जुमानता संत अंद्रियांचे दगडी देऊळ आतून जांभळे झाले होते. उपवासकाळ चालू होता, वेदीवर जांभळे वस्त्र होते, आणि रंगीत काचांतून उतरणारे ऊनही त्या वस्त्रापाशी येऊन हळू होत होते. रविवारची घंटा वाजली. माणसे आपापल्या बाकांवर येऊन बसली.

खिडकीजवळच्या बाकावर सुवार्ताबाई, आणि शेजारी त्यांच्या नवऱ्याची, शमुवेलरावांची जागा. गेल्या बुधवारी त्यांना माती दिली. कुणी सांगितले नव्हते, तरी त्या जागेवर कुणी बसले नाही.

या देवळाची एक जुनी रीत होती. प्रार्थनेत पाळक आधी आजाऱ्यांसाठी थांबत, मग प्रभूमध्ये निजलेल्यांसाठी थांबत, आणि त्या शांततेत घरच्यांनी आपल्या माणसाचे नाव मोठ्याने घ्यायचे. निजलेल्याचे नाव पहिल्याच रविवारी घ्यायचे. ते घेतले की माणूस खरोखर गेला. मूठभर मातीने जे होत नाही, ते त्या एका उच्चाराने होते.

सुवार्ताबाई पहाटेपासून, चहा उतू जाईपर्यंत, तेच घोकत होत्या. पहिल्या वेळी गप्प, दुसऱ्या वेळी नाव. सोपी गोष्ट. पण जन्मभर त्यांचा संसार ‘अहो’वर झाला होता. नवऱ्याचे नाव घ्यायला लावले ते त्यांच्या दुखण्याने, आणि पावसाळ्यापासून रविवारमागून रविवार ते त्यांनी फक्त इथे, फक्त आजाऱ्यांत घेतले होते.

“जे आजारी आहेत, त्यांच्यासाठी,” पाळक ओहोळ म्हणाले, आणि थांबले.

जांभळी शांतता, खोल शांतता. कुणाच्या बहिणीचे नाव आले, कुणाच्या नातवाचे आले. आणि मग, स्पष्ट, सवयीच्या स्वरात, सुवार्ताबाईंचे: “शमुवेल.”

त्यांनी पदर तोंडाशी नेला. कुणी खोकले नाही, कुणी वळून पाहिले नाही. मग मागच्या बाकावरून म्हाताऱ्या नाथानभाऊंनी, ज्यांनी बुधवारी पेटीला खांदा दिला होता, कापऱ्या आवाजात नेहमीचे उत्तर दिले, “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.” सगळे देऊळ त्यांच्यामागून तेच म्हणाले.

“जे प्रभूमध्ये निजले आहेत, त्यांच्यासाठी.”

पाळक थांबले, नेहमीपेक्षा जास्त थांबले. छताशी एक पारवा घुमला. सगळे देऊळ एका नावाची वाट पाहत होते, आणि ते नाव सुवार्ताबाईंच्या ओठांशी येत होते, माघारी जात होते, पुन्हा येत होते, पुन्हा माघारी जात होते. त्या रडत होत्या. नाव आले नाही.

उपासना संपली. दाराशी उभे राहून पाळक एकेकाला निरोप देत होते. सुवार्ताबाईंचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

“चुकलं माझं, पाळकसाहेब,” त्या म्हणाल्या. “पुढच्या रविवारी बरोबर जागी घेते. एवढा एक रविवार त्यांना आजारीच असू द्या.”

पाळकांनी होकाराची मान हलवली.

बाहेर ऊन केशरी, पळस केशरी, नदीची वाळूही केशरी. सुवार्ताबाई घराकडे निघाल्या. सावकाश, फार सावकाश, दुखणाईताला सोबत घेऊन चालावे तशा, सावलीची बाजू मोकळी सोडून, स्वतः उन्हातून.