विष्णूला बढती बाधली

विष्णू करमरकर साहेब झाला आणि त्याचे हाल सुरू झाले.

गडी फरीदाबादहून चार्टर्ड बसनं दिल्लीच्या सरकारी हापिसात जायचा. काम बरं, पगार बरा, पण जीव सगळा जेवणाच्या सुट्टीत. थंडीत हिरवळीवर सतरंजी टाकायची, मुळ्याला मीठ लावून खायचं आणि उन्हात सीप खेळायची. सीप म्हणजे तिकडच्या बाबूलोकांचा पत्त्यांचा डाव, दोघं-दोघं भिडू. विष्णूचा भिडू धीरज तंवर. दोघं खेळायचे कमी आणि एकमेकांची अक्कल जास्त काढायचे.

बढती आली तशी बायकोनं, सरलानं, अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. केबिन मिळाली, खुर्चीला टॉवेल, पायाशी हीटर. पण साहेबानं सतरंजीवर बसायचं नसतं. असं कुठं लिहिलेलं नाही, पण पाळतात सगळे.

पहिल्याच दिवशी हा डबा घेऊन हिरवळीवर गेला, तर सगळे उभे राहिले. पत्ते स्वेटरात गेले. धीरज म्हणाला, "जी सर." आता ज्यानं आयुष्यभर अक्कल काढली, त्यानं जी सर म्हणावं? विष्णू डबा न उघडताच केबिनकडं वळला.

मग तो घंटी वाजवून धीरजला आत बोलवायचा. फाइलचं निमित्त. हळूच विचारायचा, काल कोण जिंकलं? धीरज भिंतीकडं बघत म्हणायचा, सर, हम तो काम कर रहे थे.

तेवढ्यात वरच्यांना वाटलं, कर्मचारी समाधानी आहेत का बघावं. गुडगावच्या सल्लागार कंपनीतून एक बाई आल्या. विष्णूला विचारलं, काय कमी आहे? पगार, अधिकार, मान? हा कसंनुसं म्हणाला, "ऊन."

बाईंनी मनावर घेतलं. त्याला दुसरी केबिन मिळाली, हिरवळीवर उघडणारी, ही एवढी काचेची खिडकी. आता त्याला डाव दिसायचा. पण डाववाल्यांनाही तो दिसायचा. साहेब पाळत ठेवतो म्हणून त्यांनी सतरंजी उचलली ती कँटीनच्या मागं, सिलिंडरांपाशी. तिथं कसलं ऊन? कुडकुडत खेळायचे आणि विष्णूच्या नावानं बोटं मोडायचे.

शेवटी एका दुपारी त्याला राहवेना. गुपचूप कँटीनमागं गेला आणि भिंतीआडून बघायला लागला. धीरजचा नवा भिडू वेदांत, पोरसवदा क्लार्क. त्यानं चौकटची दश्शी, डावातलं महागाचं पान, खुशाल विरुद्ध जोडीला टाकून दिली. विष्णूची जीभ सुटली.

"अबे, दस्सी ऐसे फेंकते हैं क्या?"

सगळे गारठले. धीरज मात्र गेलेल्या दश्शीकडंच बघत होता. मान न वळवता ओरडला, "तो तू आके खेल ना! महीने भर से खिड़की में टँगा है, गधा कहीं का!"

मग त्याला उमगलं आपण कुणाला बोललो. तोंड पांढरंफटक. तो 'सर' म्हणायच्या आत विष्णूनं वेदांतला सरकवलं, त्याचे पत्ते घेतले आणि मांडी ठोकली.

तो डाव ते हरले, आणि विष्णूमुळंच हरले. सुट्टी संपेपर्यंत धीरजच्या तोंडाचा पट्टा थांबला नाही.

संध्याकाळी सरलानं रोजच्यासारखं विचारलं, कसा गेला साहेबांचा दिवस?

"झकास," विष्णू बूट काढत म्हणाला. "धीरजनं मला गाढव म्हटलं."

सरलानं आधी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाली, "महाराष्ट्र मंडळात कुणाला सांगू नका हं हे."