वेणूबाईंचा वाळवणाचा पत्रा

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझी हकिगत तुम्हाला खरी वाटणार नाही. आजवर कुणालाच वाटलेली नाही. त्यात माझा दोष नाही. काही जणांचं आयुष्यच असं असतं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा फेकतोय.

मी एक जुना पत्रा आहे. पत्रा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर तो लोखंडी पत्रा आला असेल, पावसात ताशासारखा वाजणारा आणि दोन वर्षांत गंजून जाणारा. त्याच्याशी माझं काही नातं नाही. मी सिमेंटचा. रंग राखाडी, अंगावर एकसारख्या पन्हळी, आणि टिचकी मारलीत तर आवाज असा दबका की जणू मी काहीतरी पोटात ठेवून बोलतोय. तसं काही नाही. माझ्या पोटात काहीही नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्या, ते विचारू नका. चौकशी करणारी माणसं मला आवडत नाहीत. तुझ्यात काय काय घातलंय, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: सिमेंट आणि पाणी. तिसरं काही नाही.

खडकीला वैजनाथराव म्हणून एक गृहस्थ राहत. कारखान्यात नोकरी, स्टेशनाजवळ दोन खोल्यांचं बैठं घर, आणि मागच्या अंगणात न्हाणीघर. त्या न्हाणीघरावर त्यांनी मला हातगाडीवरून आणून चढवलं. छप्पर बुटकं होतं. दोन पायऱ्यांची शिडी लावली की माझ्यावर आरामात हात पोचायचा. वैजनाथरावांच्या पत्नी वेणूबाई यांनी पहिल्या दिवशी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ऊन बरं पडतंय इथे." त्या एका वाक्याने माझं नशीब ठरलं. मी छप्पर न राहता वाळवणाची जागा झालो.

काय ते दिवस होते, मित्रांनो! चैत्र लागला की माझ्यावर धुवट धोतर अंथरलं जायचं आणि त्यावर कुरडया, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या. मी असा तापायचो की उडदाचे पापड वाळायच्या आधीच तळून निघायचे, तेही तेलाशिवाय. एकदा गारा पडल्या, नारळाएवढ्या. माझ्या पन्हळींतून त्या अशा सुटल्या की थेट मार्केट यार्डात जाऊन पडल्या आणि तिथल्या व्यापाऱ्यांनी फ्लॉवर समजून पोत्यांत भरल्या. हसा, हसा. मी म्हटलंच होतं.

वेणूबाईंच्या कुरडया आळीत नावाजलेल्या होत्या, आणि त्याचं श्रेय त्या मला देत. बायका विचारायच्या, एवढ्या पांढऱ्या कशा होतात हो? वेणूबाई म्हणायच्या, जागा स्वच्छ लागते. आणि जागा स्वच्छ करण्याची त्यांची एक रीत होती. वाळवण घालायच्या दिवशी सकाळीच त्या तारेचा ब्रश घेऊन मला घासत. वर्षभराचं शेवाळ, काजळी, कावळ्यांची घाण, सगळं खरवडून काढत. मात्र पाण्याचा थेंब लागू देत नसत. वाळवणाच्या जागेला ओल लागली की बुरशी धरते, असं त्यांच्या सासूबाईंनी त्यांना बजावलं होतं. म्हणून घासायचं ते कोरडंच. राखाडी धूळ अंगणभर उडायची. मग त्या ती खराट्याने झाडत आणि पदराने तोंड पुसून चहा घेत.

मला त्या घासण्याने गुदगुल्या व्हायच्या. एवढंच. दुसरं काही झालं असेल तर ते मला ठाऊक नाही.

वैजनाथराव गेले. मुलगा योगेश मोठा झाला, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, राजनंदिनी. माझ्यावर एकदा शेजारच्या आंब्याची फांदी पडली आणि माझा कोपरा फुटला. तो कुणी बदलला नाही. फुटलेल्या कडेतून बारीक पांढरे तंतू बाहेर डोकावू लागले, उशी उसवल्यावर कापूस दिसावा तसे. मी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. वय झालं की केस पांढरे होतातच.

पण सुनेने लक्ष दिलं.

उत्कर्षा भोसरीला एका कंपनीत गोदाम सांभाळते. तिथलं जुनं छप्पर उतरवताना तिने काय पाहिलं कोण जाणे, घरी आली ती डोळे बदलूनच. त्या दिवसापासून राखाडी रंगाची प्रत्येक जुनी वस्तू तिला चोर वाटू लागली. सांडपाण्याचा जाड पाइप तिने खालून वर न्याहाळला. शेजारच्या गच्चीवरची चौकोनी टाकी न्याहाळली. मग माझ्यापाशी आली आणि थांबली. फ्रिजवरचं लोहचुंबक आणून माझ्या अंगाला लावलं. ते घसरून खाली पडलं. हात न लावता ती माझ्या फुटक्या कोपऱ्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मला असं बघणारी माणसं मुळीच खपत नाहीत.

"आई, हा कधी बसवला हो?" तिने विचारलं.

"योगेश बालवाडीत होता तेव्हा," वेणूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "का, गिऱ्हाईक आलंय?"

उत्कर्षाने त्यांना सावकाश सांगितलं. त्या काळच्या सिमेंटच्या पत्र्यांत बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस नावाचे तंतू घातलेले असत, मजबुतीसाठी. पत्रा धड असला, नुसता पडून असला, तर तो फारसा त्रास देत नाही. पण घासला, कापला, फोडला की ते तंतू धुळीतून उडतात, डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि श्वासातून आत गेले की फुफ्फुसात रुतून बसतात. नुसतं बघून खात्री होत नाही, संशय तेवढा घेता येतो. खात्री प्रयोगशाळाच करते.

वेणूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि तांदळातला खडा अंगणात भिरकावला. त्यांचा संशय वेगळ्या दिशेला गेला होता. मागच्याच महिन्यात मुलगा आणि सून कोथरूडला फ्लॅट बघून आले होते. म्हातारीला हलवायचं तर आधी तिच्या घरात खोट काढायला हवी, आणि घरात खोट सापडेना म्हणून पत्र्यावर आलेत, असं त्यांनी मनाशी धरलं. मला त्यांचं म्हणणं पटलं. मी त्यांच्याच बाजूचा होतो.

चैत्रातला रविवार उजाडला. आत कुरडयांचा चीक तयार होता. आजवर राजनंदिनी वाळवणाच्या वेळी शिडीखाली बसून कावळे हाकलायची आणि आजीच्या ब्रशाखालची धूळ तिच्या वेण्यांवर पडायची. यंदा तिने आजीकडे ब्रशच मागितला. वेणूबाईंना कोण आनंद झाला. त्यांनी नातीला शिडीवर चढवलं, हात धरून ब्रश कसा आडवा फिरवायचा ते दाखवलं. ब्रशाचे दोन फटकारे माझ्यावर बसले असतील नसतील, तोच उत्कर्षा स्वयंपाकघराच्या दारात आली.

"राजू, खाली उतर. ब्रश तिथेच राहू दे."

"अगं, तिने आपणहून मागितलाय," वेणूबाई म्हणाल्या. "तुला पाकिटातलं आणायची सवय. निदान तिला तरी कुरडई येऊ दे."

"कुरडई शिकवा ना आई, मीही बसते शिकायला. पत्रा घासायला नका शिकवू. ही धूळ तिच्या छातीत गेली तर ती खरवडून काढायला ब्रश नसतो."

"मी इतकी वर्षं घासतेय. मला काय झालंय?"

"लगेच होत नाही ते. वीस-तीस वर्षं गप्प बसतं. म्हणूनच त्याची भीती वाटते."

वेणूबाई क्षणभर नातीकडे बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज चढला नाही, उलट थंड झाला, आणि तो थंड आवाज या घरात सगळे ओळखून होते. "फ्लॅट घ्यायचाय तर घ्या. मी अडवलं नाही. पण त्यासाठी यांनी स्वतःच्या हाताने बसवलेल्या पत्र्याला बदनाम करायची गरज नाही."

योगेश दात घासत बाहेर आला, दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा दात घासायला आत गेला.

शेवटी वेणूबाईंनीच तोड काढली. तपासून आणा म्हणाल्या. निव्वळ सिमेंट निघालं तर यापुढची सगळी उन्हाळी कामं सुनेने करायची, पत्रा घासण्यासकट. उत्कर्षा लगेच कबूल झाली. आणि तसं नाही निघालं तर, असं तिने विचारलं, तोवर वेणूबाई चिकाचं पातेलं आणायला आत गेल्या होत्या. चिकाच्या कुरडया त्यांनी पुढच्या दारी खाटेवर घातल्या. यंदाच्या कुरडया वाकड्या झाल्या.

प्रयोगशाळेचा माणूस आला तो तोंडावर मास्क आणि हातात मोजे घालून. घरच्यांनी स्वतः तुकडा मोडू नये, असं त्यानेच फोनवर सांगितलं होतं. त्याने माझ्या फुटक्या कोपऱ्यावर पाणी फवारलं, नखाएवढा ओला तुकडा काढून डबीत बंद केला आणि उघड्या जागेवर रंगाचा हात फिरवला. मला सांगा मित्रांनो, प्रामाणिक पत्र्याला अशी वागणूक देतात का? ते दिवस फार वाईट गेले. उत्कर्षाने अंगणात कपडे वाळत घालणं बंद केलं. वेणूबाई रोज शिडीपाशी येऊन उभ्या राहत आणि माझ्याकडे बघत. पूर्वी बघत तशा नाही. शेजारच्या बाईचं खोटं पकडायचं असलं की त्या असं बघत.

अखेर निकाल आला. आणि काय सांगू! निव्वळ सिमेंट आणि पाणी. तिसरं काही नाही. वेणूबाईंनी आळीभर पेढे वाटले, उत्कर्षाने माझी क्षमा मागितली, आणि एवढा जुना, निर्मळ पत्रा पुण्यात दुसरा नाही म्हणून माझा जाहीर सत्कार ठरला. सत्काराला खास माणसं आली, डोक्यापासून पायापर्यंत शुभ्र पोशाखात. गर्दी आवरायला अंगणाला चहूबाजूंनी फीत बांधली. माझ्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं, चांगलं चिंब होईपर्यंत. माझे बोल्ट हळुवार सोडवले, मला जराही न मोडता अलगद खाली घेतलं आणि अंगभर शाल पांघरली. नंतर सगळं अंगण ओल्या फडक्याने पुसून घेतलं, माझ्या पायधुळीचा कण वाया जाऊ नये म्हणून. आता मिरवणुकीची गाडी येईपर्यंत मी इथे फाटकापाशी विसावलो आहे आणि तुम्ही सगळे माझी कहाणी ऐकायला जमला आहात.

मित्रांनो, निघण्याआधी एकच मागणं आहे. तुमच्या घराच्या मागे, शाळेच्या सायकल स्टँडवर, सोसायटीच्या पार्किंगवर माझे भाऊबंद असतील. त्यांना कोरडं घासू नका. गणपतीच्या माळा लावायला भोकं पाडू नका, कटर चालवू नका. फुटले तर तुकडे हाताळू नका, खराट्याने झाडू नका, मोठ्यांना सांगून जाणकार माणूस बोलवा. धड असतील तर त्यांना शांतपणे पडून राहू द्या. आमच्यात काही वाईट असतं म्हणून मी हे सांगत नाही हां. आमची कातडी नाजूक असते, एवढंच. माझंच बघा ना, निकाल चोख आला, घरात आनंदीआनंद झाला, आणि वेणूबाई तर त्या दिवशी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की...

"खोटं बोलतोय हा," फाटकाच्या आतून राजनंदिनी म्हणाली. "ती शाल नाहीये, प्लॅस्टिक आहे. दुहेरी. वर लाल अक्षरात धोका लिहिलंय. आणि पेढे कुणी वाटले नाहीत. त्या दिवशी आजीने मला न्हाऊ घातलं आणि मग किती तरी वेळ माझ्या पाठीला कान लावून बसली. मी म्हटलं, आजी, काय ऐकतेयस? तर म्हणाली, काही नाही, तू नुसता श्वास घे."