हमीदाराचा शिक्का

मित्रांनो, बातमी आली त्या मंगळवारी मी मेधाताईंच्या पर्समध्ये होतो. सकाळी त्या स्टेशनच्या जिन्यावर जरा टेकल्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांच्या यजमानांना, दिगंबररावांना, हॉस्पिटलचा फोन आला तेव्हा ते तोयोसु भागातल्या ऑफिसात होते. संध्याकाळी पर्स त्यांच्या हातात आली. त्यांनी ती उघडली नाही. तीन दिवस मी आत अंधारात पडून होतो आणि बाहेर माणसं हळू आवाजात बोलत होती.

मी एक जुना लाकडी शिक्का आहे. जेमतेम बोटाएवढा. जपानमध्ये सहीच्या जागी मला उमटवतात आणि मला हांको म्हणतात. सोळा वर्षांपूर्वी हिगाशी-कसाई वस्तीतल्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्यावर जपानी लिपीत मेधाताईंचं नाव कोरलं. तेव्हा दिगंबरराव हसले होते. "मला सही येते. मला कशाला हवा असला ठोकळा?" त्यांनी स्वतःसाठी शिक्का केलाच नाही.

पहिली काही वर्षं मला फारसं काम नव्हतं. मग शमा आली. ती साताऱ्याची, जपानी शिकायला आलेली. खोली मिळेपर्यंत चार दिवस राहते म्हणाली आणि दोन वर्षं राहिली. तिच्यानंतर तेजश्री आली. मागची लहान खोली पुन्हा कधी रिकामी राहिली नाही. मुलींना नियम दोनच होते. कचरा नीट वेगळा करायचा आणि रोज संध्याकाळी मावशीसमोर, म्हणजे मेधाताईंसमोर, अर्धा तास जपानी वाचायचं.

इथे परदेशी मुलांना पुष्कळ ठिकाणी हमीदार लागतो. म्हणजे या मुलीची जबाबदारी माझी, असं लिहून देणारं माणूस. मुलींचं इथे दुसरं कोण होतं? मेधाताई मला डबीतून काढायच्या. शाई थोडी, दाब पुरेसा, मग हलकेच चारी बाजूंना झुकवायचं. शमाच्या कॉलेजातल्या बाई माझा ठसा पाहून म्हणाल्या होत्या, "किती सरळ उमटलाय." ते शब्द मी अजून विसरलो नाही.

पण मेधाताईंची एक अट होती. कागद पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय शिक्का नाही. तेजश्री एकदा चिडली होती. "मावशी, तुम्ही परीक्षकांपेक्षा वाईट आहात." मेधाताई म्हणाल्या, "असू दे. उद्या घरमालकासमोर तुझ्याऐवजी मी उभी राहणार आहे का?"

त्या अटीनेच घात केला, मित्रांनो.

शेवटची मुलगी अक्षया. वृद्धांची सेवा शिकवणाऱ्या एका कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. हमीपत्र पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी पाचच्या आत द्यायचं होतं. नाही दिलं तर प्रवेश रद्द, आणि मार्चमध्ये व्हिसा संपला की परत जायचं. सोमवारी संध्याकाळी ती कागद घेऊन बसली आणि शेवटच्या चार ओळींवर अडली.

"मावशी, आज शिक्का मारा ना. उद्या वाचते, शप्पथ."

"उद्या वाच. उद्याच मारते."

दिगंबरराव टीव्हीसमोरून म्हणाले, "मार की गं. पोरीला किती छळशील?"

"तुम्ही मारा मग. अहो, तुमचा शिक्का कुठे आहे?"

तिघंही हसली. मी डबीत परत गेलो. मंगळवारी सकाळी मेधाताईंनी मला पर्समध्ये टाकलं, कारण पोस्टात काही काम होतं.

तीन दिवसांनी दिगंबररावांनी पर्स उघडली आणि ते मला घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले. मृत्यूची नोंद झाली. काउंटरवरच्या माणसाने मान झुकवून सांगितलं की या शिक्क्याची नोंदणीही आता संपली. सोळा वर्षं मी खरा होतो. आता मी लाकडाचा तुकडा आहे. घरी येऊन त्यांनी मला जुन्या बॅटऱ्या आणि रबर बँडच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यापाठोपाठ त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि पुण्याचं तिकीट काढलं. घरात काका एकटे, म्हणून अक्षया कोतो भागात मैत्रिणीकडे राहायला गेली.

काल दुपारी ती डबा घेऊन आली. कागदाचा विषय तिने काढला नाही. दिगंबररावांनीच तो फ्रिजवरून काढला. मग ड्रॉवर उघडून मला घेतलं आणि शाईत दाबलं.

"काका, काय करताय?"

"तिने मंगळवारी मारला असता. मी मंगळवारची तारीख टाकतो. कुणाला कळणार आहे?"

"थांबा. आधी मला वाचू द्या. मावशींची अट आहे."

तिने कागद घेतला. त्या चार ओळी ती सावकाश वाचत गेली. एकदाही अडली नाही. मग मराठीत म्हणाली, "हमीदार जपानात राहणारा असावा. शिक्षण पूर्ण होईपर्यंत तो विद्यार्थ्याला जबाबदार राहील." तिने डोळे पुसले. "यात मावशी बसत नाहीत, काका. सोमवारीच वाचलं असतं तर तेव्हा बसल्या असत्या."

दिगंबररावांनी मला टेबलावर ठेवलं.

"आणि मी? मी बसतो का?"

"ते मी कसं सांगू? सही चालेल, पण तुमचं तिकीट आहे."

"इथे राहून मी काय करू गं? या घरात चहा कुठे असतो तेही मला माहीत नाही."

"वरच्या कप्प्यात. डावीकडे."

तिने चहा केला आणि ती गेली. माझ्या तोंडावरची शाई तशीच वाळली. मेधाताई मला दर वेळी पुसून ठेवायच्या.

मित्रांनो, मला जपा असं मी सांगणार नाही. माझं काम संपलं. पण तुमच्या घरात एखादं माणूस साऱ्यांसाठी हो म्हणत असेल, तर ते आहे तोवर त्याच्या शेजारी तुमचंही नाव लावा. सगळा भार एकाच माणसावर ठेवू नका. ते गेलं की मागे माझ्यासारखा ठोकळा उरतो, आणि ठोकळ्याला कुणाची जबाबदारी घेता येत नाही.

आज गुरुवार आहे, मुदत उद्या पाचपर्यंत. कागद टेबलावर आहे, शेजारी पेन आहे. दिगंबरराव सकाळपासून समोर बसले आहेत. त्यांनी तिकीट रद्द केलेलं नाही. सहीही केलेली नाही. हमीदाराचा चौकोन रिकामा आहे.